पिशवीत नसलेलं औषध

पडदा वर जातो, तेव्हा रंगमंचावर कोणी नसतं. दोन बांबूंना बांधलेली एक दोरी, आणि दोरीवर निळ्या काठाची पांढरी सुती साडी. मागे सरकारी दवाखान्याची पिवळी भिंत. आतून स्टोव्हचा आवाज येतो, आणि उकळत्या पाण्यात कात्री भांड्यावर आपटत असल्याचा. रस्त्यापलीकडे ट्रकमध्ये संत्री भरली जात आहेत. गाव सौंसर, साल एकोणीसशे शहाऐंशी, दिवाळी होऊन गेलेली. मग एक उंच बाई बाहेर येते, साडी चाचपून पाहते, ती अजून ओली आहे हे कळूनही ओढून घेते आणि आत जाते. तिला कोणीतरी बोलवायला आलेलं असतं. तिला नेहमीच कोणीतरी बोलवायला आलेलं असायचं.

तिचं नाव चंद्रकला. गावात त्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे. ती नर्सबाई. दवाखान्याची बाळंतपणं तर ती करायचीच, पण आसपासच्या दहा-बारा खेड्यांतही पायी किंवा बैलगाडीने जायची. चौदा वर्षं तिने तेच केलं होतं, आधी पांढुर्ण्याला, मग सौंसरला.

आमची नाटक कंपनी मोडली तेव्हा मी पन्नाशीला आले होते, आणि परत जायला घर नव्हतं. सौंसरच्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवायचं काम मिळालं. चंद्रकलेच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. मधली भिंत इतकी पातळ की ती भाकरी थापायची तेव्हा माझ्या फळीवरच्या कपबशा हलायच्या.

आमची ओळख भांडणातून झाली म्हटलं तरी चालेल. नाटकात बाळंतपण कायम पडद्याआड होतं. बाहेर नायक येरझाऱ्या घालतो आणि आतून किंकाळी येते. ती किंकाळी कंपनीत माझ्याकडे असे, आणि त्या किंकाळीला मी गावोगाव टाळ्या घेतल्या होत्या. गणपतीत शाळेतल्या बायकांनी आग्रह केला, म्हणून मी ती करून दाखवली. सगळ्या थक्क झाल्या. मागे दाराशी उभी असलेली ही एकटीच हसली. नंतर मला म्हणाली, "मावशी, कळ आली म्हंजे बाई एवढं साफ बोलत नाही. 'माय' म्हणाले जाते, त्यातलं 'मा'च निघते." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने दाराशी संत्री आणून ठेवली. त्यानंतर मी ती किंकाळी कधी कोणाला करून दाखवली नाही.

तिचा नवरा हिरामण परासियाच्या कोळसाखाणीत होता. महिन्यातून एकदा यायचा, खाली मान घालून जेवायचा, छपरावरची कौलं नीट करायचा आणि परत जायचा. माणूस सरळ, पण त्याच्या तोंडून शब्द निघणं अवघड. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

हे सांगितल्याशिवाय तिचं चित्र पुरं होत नाही. बारशाचं बोलावणं तिला यायचं. ज्या बाळाला तिने या जगात पहिल्यांदा उलटं धरून पाठीवर थोपटलं, त्याच्या पाळण्याला मात्र तिला हात लावू देत नसत. मूल नसलेल्या बाईचा हात नको. काही घरांत तर त्याच्याही आधीची गोष्ट होती. तिची जात विचारून झालेली असायची. बाळंतिणीच्या अंगाला तिचा हात चालायचा, माठाला चालत नसे. ती दाराजवळ पिशवी घेऊन उभी राहायची आणि पेढा हातात पडला की म्हणायची, दुसरीकडे केस आहे, जाते. एकदा मी तिच्यासोबत होते. दुसरीकडे कुठेच केस नव्हती. आम्ही दोघी बसस्टँडवर जाऊन उगाच बसलो आणि तिने तो पेढा एका कुत्र्याला घातला.

आणि मग सदतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. तिने कोणाला सांगितलं नाही. पोट दिसायला लागलं तेव्हा गावातल्या बायका माझ्याकडे चौकशीला आल्या. माहेरी आई नव्हती. पांढुर्ण्याला भाऊ होता तुळशीराम, त्याच्या घरी आधीच माणसं मावत नव्हती. सातव्या महिन्यात मीच तिची ओटी भरली. आम्ही दोघीच होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यासमोर मेणबत्ती लावली. ती म्हणाली, प्रेक्षक कमीच आहेत आज. मी म्हटलं, कमी प्रेक्षकांत जास्त चांगलं काम करायचं असतं.

नवव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर वाढलं. वय जास्त, पहिलं बाळंतपण, पायांना सूज. आमच्या डॉक्टरांनी तिला नागपूरला पाठवलं. हिरामणला तार केली आणि सकाळच्या बसने मी तिला घेऊन निघाले. ती एका हाताने पोट सांभाळत होती आणि दुसऱ्या हातात तिची कामाची पिशवी होती, काळी, कातडी, तोंडाला लहानसं पितळी कुलूप असलेली. ही कशाला घेतलीस, म्हणून मी विचारलं. ती बसच्या पायरीकडे वळली. वाटेत कोणी अडली तर, एवढंच बसमध्ये शेजारच्या बाईला सांगताना मी ऐकलं.

नागपूरचं ते प्रसूतिगृह दोन मजली होतं, फरशी पांढरी, आणि सगळ्यांच्या चपला बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. अकरा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्यासोबत भूल देणाऱ्या दुसऱ्या बाई होत्या, वयाने लहान, मुंबईला शिकून आलेल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि चंद्रकलेला आपल्याच जोडीची समजून सगळं सांगितलं. पाठीच्या मणक्यात सुई टाकायची, त्यातून बारीक नळी, त्या नळीतून औषध. कमरेखाली दुखणं जवळजवळ राहत नाही. बाई जागी असते, बाळाचा पहिला आवाज ऐकते. प्रेशर असलेल्या बाईला त्याचा फायदाच होतो. काहींना नंतर डोकं दुखतं, कधी प्रेशर एकदम उतरतं, म्हणून आम्ही शेजारी बसून राहतो. याला एपिड्युरल म्हणतात. जबरदस्ती नाही. तासाभराने परत येते, तोवर विचार करा.

त्या गेल्या. मला वाटलं, यात विचार काय करायचा? मी कधी बाळंत झालेले नाही, त्यामुळे माझं मत अगदी ठाम होतं. मी म्हटलं, घे. ती भिंतीकडे बघत होती. एक कळ आली. तिने पलंगाची दांडी धरली, ओठ मिटले. कळ गेली. मग म्हणाली, तुमाले काय जाते सांगाले.

मला वाटलं ती सुईला घाबरते. तसं लोक म्हणायचेच, पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर धरते. पण तिला त्याची भीती नव्हती. तिला भीती होती ती सावरगावच्या मनकर्णाची.

मनकर्णा म्हणजे कोण, ते तिने मला दोन कळांच्या मधल्या वेळांत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. सात वर्षांपूर्वी, पांढुर्ण्याला असताना, जाम नदीच्या पलीकडे सावरगावात ती एका शेतमजूर बाईच्या बाळंतपणाला गेली. दीड दिवस चाललं. घरातल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे घरातलं एकेक कुलूप उघडलं, पेटीचं, कणगीच्या फळीचं, अगदी सायकलच्या साखळीचंही. मनकर्णाच्या केसांच्या गाठी सोडल्या, पोलक्याच्या गाठी सोडल्या. काही अडकलेलं राहू नये, म्हणजे बाळही अडकत नाही. चंद्रकला असल्या गोष्टींना हसत नसे. ती म्हणायची, तेवढंच बायकांच्या हाताला काम मिळते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाने तिचा हात पकडला आणि म्हणाली, नर्सबाई, हे कमी कराचं काही असल तर दे वो. आणि चंद्रकलेने सांगितलं, असं औषधच नसते बाई. देवानं कोणालेच नाही देलं. सोस.

"औषध होतं," ती मला म्हणाली. "आमाले शिकवलं होतं ट्रेनिंगले. मले मालूम होतं."

मी विचारलं, मग असं का सांगितलंस?

"माझ्या पिशवीत नव्हतं म्हणून. हाये पण तुले नाही, हे कोणत्या बाईले सांगू मी? त्यापक्षा नाहीच म्हटलेलं बरं. बाई सोसते मंग."

मनकर्णाची मुलगी जगली. मनकर्णाही जगली. पण सोसण्याचा तो उपाय लागू पडला होता, आणि तेव्हापासून चंद्रकला तोच वापरत आली. सात वर्षं, शेकडो बायकांना, एकच वाक्य. असं औषधच नसते. बायका ऐकायच्या, दात आवळायच्या आणि सोसायच्या, कारण सांगणारी नर्सबाई होती आणि ती खोटं बोलत नाही असं सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या सगळ्या कामाचा पाया तो होता. औषधांचा साठा तर सरकारकडेही नसायचा.

आता तसंच औषध ट्रॉलीवर ठेवून कोणीतरी तासाभराने परत येणार होतं.

मी तिला म्हटलं, सौंसरला कोणाला कळणार आहे? तू सांगू नकोस, मी सांगणार नाही. मी आयुष्यभर पडद्यामागची गुपितं पाळली आहेत. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य नको झालं.

पुढची कळ मोठी होती. ती उठून बसली, घाम पुसला आणि एकाएकी विचारलं, "मावशी, घरच्या पेटीले कुलूप लावलं होतं का मी?"

लावलं होतं. मीच ओढून पाहिलं होतं. खोलीलाही लावलं होतं. दोन्ही किल्ल्या माझ्या कनवटीला होत्या आणि कुलपं सौंसरला. सांगावं की सांगू नये, मला कळेना. माझं तोंड पाहूनच ती समजली आणि हसली. म्हणाली, पाहा, येवढी शिकलेली नर्स. मग पिशवीकडे बोट केलं. हे तरी उघडा.

मी पितळी कुलूप उघडलं. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि आत पाहत राहिली. कात्री होती. नाळ बांधायचा दोरा, कापूस, स्पिरिटची बाटली, आयोडीन, घडी केलेली रबरी चादर, साबणाची डबी, रक्त थांबवायची दोन इंजेक्शनं. प्रत्येक वस्तू तिने हाताने जरा बाजूला सरकवून पाहिली, जणू तळाशी काही राहून गेलं असेल. पलीकडच्या खोलीत एक बाई ओरडायला लागली होती. चंद्रकलेने तिकडे कान दिला, सवयीने, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, आणखी दोन तास तिला.

भूल देणाऱ्या बाई ठरल्या वेळी आल्या. काय ठरलं, म्हणाल्या. चंद्रकला उत्तर त्यांना देणार होती, पण बोलली माझ्याशी.

"नाही घेतलं, तर घरी जाऊन पुन्हा तेच सांगत राहीन मी," ती म्हणाली. "घेतलं म्हंजे नाही सांगता येणार."

मग त्यांच्याकडे वळून, द्या.

आधी नवऱ्याची सही पाहिजे, असं कारकून म्हणाला. नवरा परासियाहून निघाला की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं. तिने कागद ओढून घेतला आणि स्वतः सही केली, पूर्ण नाव, खाली पदासकट: सहायक परिचारिका दाई. कारकुनाने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

मला बाहेर काढलं. दार बंद होण्याआधी दिसलं ते एवढंच, की ती कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडली आहे, पाठ आमच्याकडे, आणि ती पाठ मी तोवर कधी पाहिली नव्हती. इतकी बारीक.

रंगमंचावर शांतता मी पुष्कळ पाहिली आहे. नट वाक्य विसरला की पडते ती, आणि प्रेक्षक श्वास रोखतो तेव्हा पडते ती. त्या दुपारची शांतता दोन्हींपैकी नव्हती. पलीकडच्या खोलीतली बाई ओरडत होती, तिची आई, सासू, जाऊ, सगळ्या दाराशी गोळा झाल्या होत्या. कोणी पाणी आणत होतं, कोणी रडत होतं, कोणी हसवत होतं. चंद्रकलेच्या दाराशी मी एकटी बाकावर बसले होते आणि आतून काहीच येत नव्हतं. तास गेला, दीड तास गेला. मी उठून दाराला कान लावला. आतून चंद्रकलेचा आवाज आला, अगदी रोजचा, कामाचा आवाज. लांब श्वास घे बाई. घाई नको करू. तोंड उघडं ठेव.

ती कोणाशी बोलते आहे, मला कळेना. पुढे तिथल्या नर्सने हसून सांगितलं. पलीकडची बाई ओरडली की ही इकडून तिला उत्तर द्यायची. मधे भिंत होती, तिकडे काही ऐकू जात नव्हतं. तरी शेवटपर्यंत देत होती. स्वतःला कळ आली हे तिला नर्सने पोटावर हात ठेवून सांगावं लागायचं.

साडेचार वाजता मुलगी झाली. मी आत गेले तेव्हा ती बाळाकडे पाहत होती आणि तिचा चेहरा कोरडा होता. नाटकात अशा वेळी आई रडते. मी वाट पाहिली. ती म्हणाली, मावशी, पाय माह्ये आहेत की नाही, जरा पाहा ना. मी तिच्या पायांवर हात फिरवला. म्हटलं, आहेत. दोन्ही आहेत. तिने डोळे मिटले. पलीकडे एव्हाना मुलगा झाला होता, आणि त्या बायकांनी व्हरांड्यात पेढे वाटायला सुरुवात केली होती. एक म्हातारी चुकून आमच्या खोलीत येऊन पेढा ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी हिरामण आला. नवीन घोंगडी घेऊन दाराशी उभा राहिला, पायांतल्या चपला बाहेर काढायच्या राहिल्या म्हणून परत गेला, परत आला. बाळाला घोंगडीत गुंडाळलं, बाळ घोंगडीत दिसेनासं झालं. तो तीन दिवस राहिला आणि हसला तेवढं एकदाच.

घरी आल्यावर तिला महिना-सव्वा महिना विश्रांती होती. बायका बाळ पाहायला आल्या, त्यांनी टोपडी आणली, झबली आणली. बारशाला पाळण्याच्या दोऱ्या धरायला सगळ्या पुढे झाल्या. चंद्रकला खोलीच्या कोपऱ्यात बसून होती, आणि मला वाटतं, इतकी माणसं तिच्या घरात पहिल्यांदाच आली होती. तिने कोणाला काही सांगितलं नाही. मी माझा शब्द पाळत होते. मात्र ती कामावर हजर झाली त्या पहिल्याच आठवड्यात एका खेड्यातून परत आली आणि पिशवी न उघडताच कोपऱ्यात ठेवली. तिथल्या अडलेल्या बाईने विचारलं होतं, काही औषध असतं का? आणि तिच्या तोंडून ना 'नाही' निघालं, ना 'हो'.

मार्चमधल्या एका रविवारी ती मला म्हणाली, चला, सावरगावले जाऊन येऊ.

बसने पांढुर्णा, तिथून पायी. जाम नदीला पाणी गुडघ्याएवढंच होतं. पात्रात गोटे उघडे पडले होते, ज्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकमेकांची डोकी फोडतात. आम्ही पुलावरून गेलो. चंद्रकलेने बाळाला पदराखाली घेतलं होतं.

मनकर्णा अंगणात तुरीच्या शेंगा झोडत होती. पस्तिशीची, सुकलेली, डोळे फार तेज. तिने नर्सबाईला ओळखलं, पण उठली नाही. सात वर्षांची एक मुलगी आतून पाणी घेऊन आली. तिच्याकडे चंद्रकला बराच वेळ पाहत राहिली. मग खाली बसली, तुरीच्या फोलांवरच, आणि सरळ सांगितलं. तुला मी सांगितलं होतं तसं औषध नसतं म्हणून. ते खोटं होतं. असतं. नागपूरला मी ते घेतलं.

मनकर्णाच्या हातातलं झोडपणं थांबलं नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

चंद्रकलेने विचारलं, कसं?

"बाकी सारं तू माह्या डोळ्यात पाहून बोलत होती. तेवढं खाली पाहून बोलली." मग दोन-तीन शेंगा झोडून झाल्यावर, "मी म्हटलं, नसल हिच्यापाशी. शरमून राहिली बिचारी."

मी बाजूला बसले होते. अशा वेळी रंगमंचावर एकजण दुसऱ्याच्या पाया पडतो, किंवा दोघी गळ्यात पडतात. यातलं काही झालं नाही. मनकर्णाने काठी ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि बाळ मागितलं. चंद्रकलेने दिलं. मनकर्णाने त्याला उताणं मांडीवर घेऊन नीट पाहिलं, नाळेची जागा पाहिली, टाळू पाहिली. आमच्या गावचे गडी, ती म्हणाली, गोटमारीत डोकं फुटलं तरी सांगत फिरतात की दुखलं नाही, आणि बाईला कोणी विचारतच नाही. मग मान वर करून तिने विचारलं, तुले दुखलं का मंग?

मनकर्णाची मुलगी तिच्या खांद्याला टेकून बाळाकडे पाहायला वाकली होती. आतून, शेजारून, दोन-तीन बायका कोण आलं म्हणून कुंपणापाशी जमल्या होत्या; सात वर्षांपूर्वी कुलपं उघडणाऱ्या त्याच असाव्यात. चंद्रकलेने त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं.

"नाही दुखलं," ती म्हणाली. "उद्या वेळ आली तर पुन्हा घेईन मी. पण तुमच्यातलं कोणीच नव्हतं वो तिथं."